बेंच म्हणजे बसायचा नव्हे

माझ्या दुकानात येणारा माणूस आधी माझ्या बेंचवर बसतो. कामाचं नंतर बोलतो. त्यात त्याचा दोष नाही. आपल्याकडे बेंच म्हणजे शाळेतला, नाहीतर चहाच्या टपरीसमोरचा, नाहीतर एसटी स्टँडवरचा. बेंच दिसला की बूड टेकवायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. मग मला म्हणावं लागतं, "उठा भाऊ, तो बसायचा नाही, कामाचा आहे." काही जण मुकाट्यानं उठतात. काही जण उलट मलाच सल्ला देतात, "बाई, लय उंच झाला बेंच. पाय कापून टाका न थोडे." हे ऐकलं की मी आधी करवत उचलून आत ठेवते. कारण माझ्या पहिल्या बेंचचे पाय एका भल्या माणसानं खरोखरच असे कापून टाकले होते.

बाहेरच्या माणसाला आधी हे सांगायला हवं, की आमच्या भागातला जुना सुतार बेंच वापरतच नाही. तो जमिनीवर बसतो. एक पाय पोटाशी दुमडतो, दुसऱ्या पायाची टाच आणि अंगठा लाकडावर रोवतो, आणि दोन्ही हात लाकूड तासायचा वासला चालवायला, रंधा मारायला मोकळे ठेवतो. पाय हा त्याचा तिसरा हात. लाकूड फिरवायचं, उचलायचं, घट्ट धरायचं, हे सगळं तो पायानं करतो, आणि वासल्याची धार अंगठ्यापासून बोटभर अंतरावर पडत असताना तुमच्याशी नातवाच्या लग्नाच्या गप्पा मारत असतो. बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो, त्याचा होत नाही.

माझा तिसरा हात सतराव्या वर्षी गेला. धानाच्या रोवणीला जाताना बंडी, म्हणजे बैलगाडी, बांधावरून उलटली आणि चाक डाव्या गुडघ्यावर आलं. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचं विसरला तो कायमचा. पाय सरळ बांबूसारखा. आमच्या धानाच्या मुलुखात बाईचं काम म्हणजे रोवणी, निंदण, कापणी. तिन्ही वाकून करायची कामं, आणि चिखलात पाय रुतवून. आई रात्रंदिवस एकच म्हणायची, "या पोरीचं कसं होईल?"

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या एक-दोन वर्षांनंतरची गोष्ट. साकोलीच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात अपंगांसाठी जागा असते असं कुणीतरी सांगितलं. मावशी साकोलीलाच होती, राहायची सोय होती. शिवणकामाला नाव घातलं. एका पायानं मशीन चालते, हे खरं आहे, पण दिवसभर चालवली की कंबर धरते. तीन दिवस करून पाहिलं. चौथ्या दिवशी मी पलीकडच्या शेडमध्ये डोकावले, तर तिथं सगळे उभ्यानं काम करत होते. कमरेच्या उंचीचे जाड टेबल, त्यांच्या कडेला लाकूड आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, आणि कुणाच्याही पायाला काही काम नाही. सुतारकामाचा वर्ग होता तो. मी तिथंच नाव बदलून घेतलं. मला लाकडाची आवड होती वगैरे काही नाही. मला उभं राहता येत होतं, एवढंच.

वर्ग पुरा करून मी गावी आले. आमचं गाव पवनीपासून दोन कोसांवर, वैनगंगेच्या अंगानं. गावात सुतार एकच, डोमाजी मिस्त्री. ताडमाड उंच माणूस, साठी ओलांडलेला, बोलणं कमी आणि बोलला तर टोचेल असं. आमच्या वस्तीत, म्हणजे बौद्धवाड्यात, सुतारकी कधी कुणी केली नव्हती. आमच्याकडे शेती, मजुरी आणि शिकलेल्याला नोकरी. म्हणून आल्याबरोबर मी आधी मिस्त्रींकडे गेले. विचारल्याशिवाय हत्यार उचललं असं त्यांना वाटू नये. त्यांनी माझं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"सुतारकी शिकून येते, पोरी," ते म्हणाले. "बसनं कोन शिकवते?"

"काकाजी, मी बसत नाही. बेंचवर उभ्यानं करतात ना, तसं करीन."

"बेंच हाये तुयापाशी?"

"नाही. बनवीन."

"मंग बनव आधी," असं म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. भेट संपली.

पहिलं काम वस्तीतूनच आलं. विहाराचं नवं बांधकाम झालं होतं आणि दाराला चौकट बसली होती, दार नव्हतं. कमिटीचे अध्यक्ष धनराजदादा घरी आले. म्हणाले, "सागाच्या फळ्या आम्ही आणून ठेवल्या. आपल्या पोरीनं केलेलं दार लागलं पाह्यजे, असं सगळ्यांचं म्हननं हाय. पन अशोक विजयादशमीच्या आत. नाही झालं त मिस्त्रीले सांगू. राग मानशीन नाही न?" मी म्हटलं, नाही मानणार. मनातून मात्र मला पक्कं कळत होतं की ते दार झालं नाही तर पुढचं काहीच होणार नाही. आपल्या माणसांचं दार जिला जमलं नाही, तिला गाव कशाला बोलावतंय?

आणि दारासाठी बेंच हवाच. दाराची उभी पट्टी सहा-साडेसहा फुटांची. ती एका दोरीत सरळ रंधावी लागते. अर्ध्या सुताचा फरक पडला तरी दार चौकटीत अडकतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराचं सगळं जग या सुतात चालतं. एवढी लांब पट्टी धरून ठेवायला एकतर तिसरा हात हवा, नाहीतर बेंच.

लाकडाची सोय बाबांनी केली. घरकुलासाठी जुना गुरांचा कोठा पाडला होता, त्याचे चार खांब आणि एक जाड मयाल, म्हणजे तुळई, पडून होती. सगळं येनाचं, म्हणजे ऐनाच्या झाडाचं. चाळीस वर्षं धूर आणि ऊन खाऊन येन असं काही वाळलेलं असतं की त्यात खिळा वाकतो. बेंचला याहून चांगलं लाकूड नाही. मी ते भावाबरोबर ट्रॅक्टरवर पवनीच्या आरा मशीनवर पाठवलं आणि सोबत चिठ्ठी दिली. 'बेंचचे पाय चार, चौरस करून. बेंचच्या फळ्या तीन, दोन इंच जाड.' पायांची लांबी मी मुद्दाम लिहिली नाही. खांब अख्खे परत येतील, मग मी माझ्या मापानं कापीन, असा माझा हिशेब होता. वर्गात पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलीचा हिशेब.

संध्याकाळी ट्रॅक्टर आला. फळ्या सुरेख होत्या, दहा इंच रुंद, दोन इंच जाड. पायही सुरेख चौरस केलेले होते. फक्त ते दीड दीड फुटांचे होते, बरोबर चार. बाकी खांबांचे तुकडे करून, 'चुलीले कामी येतीन' म्हणून वेगळ्या पोत्यात भरले होते.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं पवनीला जाऊन आरा मशीनच्या मुनीमजींशी भांडले. ते बिचारे चकितच झाले. "बाई, बेंच त बेंच. शाळेचे कितीक बेंच कापले म्या अठी. दीड फुटाच्या वर कोनता बेंच रायते? तुमी लांबी लिहाले विसरल्या, म्हनून म्या ध्यान ठेवून कापलं. वरतून तुमीच चिल्लावून राहिल्या." त्यांनी खरोखर मदतच केली होती. पाठ झालेलं माप विचारायचं नसतं असं धरलं, ही त्यांची चूक. आणि आपल्या डोक्यातला शब्द समोरच्याच्याही डोक्यात तसाच असेल असं मानलं, ही माझी. त्या दिवसापासून मी चिठ्ठीत कधीच नुसतं नाव लिहीत नाही. चित्र काढते आणि प्रत्येक रेघेवर आकडा टाकते. गिऱ्हाईक हसलं तरी चालेल.

आता दुसरं लाकूड कुठून आणणार? रागारागानं त्याच पायांवर एक फळी जोडली. तिन्ही फळ्या कशाला वाया घालवा, म्हणून एकच. चार भोकं, चार कुसू, म्हणजे पायाचं टोक बारीक करून फळीच्या भोकात ठोकून बसवायचं, वरून पाचर मारायची. झालं बसायचं बाकडं. मग त्याखाली विटा रचल्या. उंची आली. रंधा घेतला, पट्टी ठेवली, आणि रंधा तिसऱ्यांदा मारताच बाकडं विटांवरून चालत जाऊन धाडकन खाली आलं. रंधा मारताना आपण लाकडाला ढकलतो असं वाटतं, खरं तर अख्ख्या बेंचला ढकलत असतो. तो जमिनीला चिकटलेला नसेल तर तुमच्यापुढे चालायला लागतो. विटा काढून टाकल्या आणि वाकून काम करून पाहिलं. दोन तासांत पाठ अशी धरली की आई म्हणाली, "रोवनी बरी होती त्याच्यापेक्षा."

दसरा महिन्यावर आला होता. बाकडं अंगणात पडलं होतं आणि येणारा-जाणारा त्यावर बसून मला शहाणपण शिकवून जात होता. मला रडू यायचं, पण लोकांसमोर नाही.

असेच एक दिवस डोमाजी मिस्त्री आले. बेंच बघायला म्हणून आले होते, बाकडं बघून थांबले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. बाकड्यावर बसले, तेही घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय टाकून. बाजूला विहाराच्या दाराची एक आडवी पट्टी पडली होती. ती त्यांनी समोर फळीवर ठेवली, तिचं टोक मी फळीत ठोकलेल्या एका खुंटीला अडवलं, मांडीनं दाबलं आणि माझा रंधा उचलला. पहिला हात सावकाश गेला. दुसरा लांब. मग त्यांनी मान वर केलीच नाही. लाकडाच्या लांब लांब साली फळीवरून खाली पडत होत्या. घोटभर पाणीसुद्धा न मागता ते तासभर रंधत बसले. चार-पाच माणसं जमली. मिस्त्रींना असं तासभर काम करताना पाहून गावाला वर्ष होऊन गेलं होतं. 'चांगलं लाकूड येत नाही' म्हणून ते नवं काम नाकारायचे, आणि सगळे ते खरं मानायचे.

मला त्या क्षणी कळलं आणि कळल्या कळल्या मी ते बोलून टाकलं. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. सगळ्यांसमोर हसून मी म्हणाले, "काकाजी, तुमचेही गुडघे गेले का? म्हणून खाली बसून काम करत नाही काय इतके दिवस?"

त्यांनी रंधा फळीवर आडवा ठेवला. हातांवर जोर देऊन उठले. दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि तो सगळ्यांनी पाहिला. आणि घराकडे चालू लागले.

आठवड्याच्या आत गावभर झालं की मिस्त्रीच्यानं आता बसवत नाही. आमच्याकडे गावच्या सुताराची घरं ठरलेली असतात. त्यांची चौदा होती. वर्षभर त्या घरांचे नांगर, वखर, दारं तो दुरुस्त करतो आणि धान निघालं की खळ्यावरून त्याचा वाटा घरी येतो. त्यातल्या दोन घरांनी आपले वखर पवनीच्या सुताराकडे नेले. हे मला आईनं सांगितलं. मी त्या दिवशी जेवले नाही. ज्याला स्वतःचा पाय लपवता येत नाही, त्यानं दुसऱ्याचा उघडा पाडावा, याची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. आजही लिहिताना वाटते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाकडं भावाच्या डोक्यावर दिलं आणि मागून लंगडत मी, अशी वरात मिस्त्रींच्या घरी नेली. ते ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते.

"हे कायले आनलं?"

"तुमच्यासाठी. हे तुमच्या मापाचं आहे, काकाजी."

"माया मापाचं? कोनं घेतलं माप?"

"आरा मशीनवाल्यानं."

त्यांच्या मिशा थोड्या हलल्या. हसले की नाही, सांगता येणार नाही. मी म्हटलं, "मी चुकली, काकाजी. तसं बोलायला नको होतं." त्यावर ते एवढंच म्हणाले, "खोटं त नाही बोलली," आणि बाकडं कुठं ठेवायचं ते भावाला दाखवलं. त्या शब्दांनी मला बरं वाटलं नाही. उलट जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, दोन्ही फळ्या घेऊन ये. गेले. त्यांच्या गोठ्याच्या आढ्यावर बंडीच्या दोन दांड्या ठेवलेल्या होत्या, तिवसाच्या चिवट लाकडाच्या, नऊ-नऊ फुटांच्या, घासूनपुसून तयार. कुणीतरी बंडी सांगितली होती, मग त्यानं ट्रॅक्टर घेतला. दांड्या पाच वर्षं तशाच होत्या. मिस्त्रींनी त्या भावाकडून खाली काढवल्या. म्हणाले, "आता कोन बंडी करते? काप, बेंचचे पाय होतीन." मला करवत लावायचा धीर होईना. तिवसाच्या दांडीत सुताराची आठ दिवसांची मेहनत असते. शेवटी त्यांनीच बाकड्यावर बसून पहिली कापली. कापताना त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, मुद्दामच.

त्याआधी त्यांनी माझं माप घेतलं. फितीनं नाही. "उभी राय. सरळ नोको, काम करताना रायतेस तशी राय. हात सोड." मी डाव्या पायावर जोर देत नाही, उजवीकडे झुकून उभी राहते. त्यांनी बांबूची काडी जमिनीवर टेकवली आणि माझ्या मनगटाशी नखानं खूण केली. मग थबकले. "काम करताना चप्पल घालतेस का नाही?" मी म्हटलं, घालते. "मंग घालून ये." चप्पल घालून आले, पुन्हा माप घेतलं. वर्गातले बेंच तेहतीस इंचांचे होते आणि माझे खांदे भरून यायचे. मला वाटायचं, बाईच्या खांद्यात जोर कमी. काडी फितीला लावली तर एकतीस इंच आणि तीन सूत भरली. एक इंच पाच सुतांचं दुखणं मी वर्षभर अंगावर काढलं होतं.

बेंच बांधायला सहा दिवस लागले. एक दिवस वाया गेला तो असा, की मी चारही पायांना भोकं पाडली ती सगळी एकाच बाजूला. पाय समोरासमोर आरशातल्यासारखे असायला हवेत, हे कळत होतं, हातानं मात्र ऐकलं नाही. मिस्त्रींनी चारही पाय ओळीनं मांडले आणि म्हणाले, "चारी डाव्या पायाचे जोडे केले तुनं. दोन लंगडे पाह्यजेत आता त्यायले घालाले." मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "मायंही असंच झालं होतं. पयल्या पाटाले." दोन भोकं बुजवून नवी पाडली. ती बुजवलेली भोकं आजही माझ्या बेंचवर दिसतात. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तेव्हा मी सांगते, हे माझं प्रमाणपत्र.

लोखंडी शिकंजा घ्यायची ऐपत नव्हती. फळीत भोकं पाडून खुंट्या बसवल्या आणि लाकूड त्यांच्यामध्ये पाचर ठोकून आवळायचं, असं मिस्त्रींनी दाखवलं. आज दुकानात दोन शिकंजे आहेत. घाईच्या वेळी हात अजून पाचरेकडेच जातो.

दार दसऱ्याच्या पाच दिवस आधी लागलं. अडकलं नाही, करकरलं नाही. धनराजदादांनी चार वेळा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाले, "जमलं." विजयादशमीच्या सकाळी वस्तीतली माणसं पांढऱ्या कपड्यांत त्या दारातून आत जात होती आणि मी बाहेर उभी राहून फक्त बिजागऱ्या पाहत होते. सुताराला कुठंही निवांत उभं राहता येत नाही, तो बिजागऱ्याच पाहत असतो. त्याच दिवशी गावात मिस्त्रींनी हत्यारांची पूजा केली. संध्याकाळी सोनं द्यायला मी गेले, तर वासला, करवत, पटाशी यांच्या रांगेत बाकडंही मांडलं होतं, हळदीकुंकू लावून. 

पुढे कामं येत गेली. सगळी सांगत बसत नाही. पवनीच्या एका मास्तरांचं टेबल मात्र सांगायला हवं. ते डुलतं म्हणून त्यांनी तीनदा परत आणलं. मी दर वेळी बेंचवर ठेवून पाहायची, तर जागचं हलायचं नाही. तिसऱ्यांदा मी काटकोन पाहायचा गुण्या आणि दोरी घेऊन त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं, सर, टेबल सरळ आहे, तुमच्या घराची फरशी डुलते आहे. ते म्हणाले, "फरशी त नवीन टाकली बाई, इंजिनिअरनं." मग मी टेबलाच्या एका पायाखालून दोन सूत काढले. सरळ टेबल वाकडं करून दिलं आणि त्यांनी माझं कौतुक केलं. या धंद्यात असंही करावं लागतं. आता तर तयार दारं येतात, प्लायवूड येतं, आणि साकोलीपासून पवनीपर्यंत कुणी कुसू पाडायला सांगत नाही. मी तक्रार करत नाही. मीही मशीन घेतली आहे.

मिस्त्रींनी त्या बाकड्यावर बसून पुढची काही वर्षं पाट, पोळपाट, पाळणे, चौरंग केले. मोठी कामं त्यांच्यानं होत नव्हती. बेंच झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, ते एक दिवस सकाळी काठी घेऊन आमच्या अंगणात आले. म्हणाले, "चाल. घरं दाखवून आनतो."

पेरणीच्या आधी सुतार आपल्या घरी जाऊन नांगर-वखर पाहून येतो, ही पद्धत. त्यांच्याकडे आता बाराच घरं उरली होती. दोन माझ्या तोंडानं गेलेली. भावाला बंडी जुंपायला सांगितली आणि आम्ही निघालो. प्रत्येक घरी मिस्त्री एकच वाक्य बोलायचे, "यंदापासून ही पोरगी तुमचं काम पाहीन." कुणी बरं म्हटलं, कुणी माझ्या पायाकडे पाहिलं, कुणी चहा दिला. अकरा घरं झाली.

बारावं घर जुन्या मालगुजारांचं. मोठं अंगण, उंच ओसरी. त्या घरात सुतार ओसरीवर बसायचा. आमच्या वस्तीतला माणूस अंगणात उभा राहायचा. आता कुणी हटकत नसे, काळ बदलला होता. पण बसा असंही कुणी म्हणत नसे. त्यामुळे आमच्याकडचे लोक काम सांगून लवकर निघायचे. घरधनी भाऊसाहेब ओसरीवर आले. मिस्त्रींसाठी खाट टाकली. मिस्त्रींनी आपलं वाक्य सांगितलं. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. ते अडचणीत पडले.

"मिस्त्री, तुमचा शब्द हाय, मी नाही म्हनत नाही," ते म्हणाले. "पन ही बसन कोठं?"

ते गुडघ्याबद्दल विचारत नव्हते. अंगणातल्या गड्यालाही ते कळलं.  मी बंडीकडे वळणार होते. मिस्त्री अजून उभेच होते, एक हात ओसरीच्या खांबावर, खाट तशीच रिकामी.

"ही बसत नाही, भाऊसाहेब," ते म्हणाले. "ही उभ्यानं काम करते." आणि खाटेकडे बोट करून, "मीही आता नाही बसत."

भाऊसाहेबांनी रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओसरीच्या पायऱ्या उतरून ते कोठ्यात गेले आणि पास धरणारं जानोळं मोडलेला एक वखर ओढत बाहेर आले. जुन्या घडणीचा होता, भारी जड. मी पुढे झाले. एक टोक त्यांनी धरलं, एक मी धरलं, आणि आम्ही तो बंडीवर चढवला.